मधला 'आणि'

मकरपुरा जीआयडीसी, शेड दोनशे अकरा.
ऑडिटर कोठावालासाहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
बेन, तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय
'डिझाइन आणि डेव्हलपमेंट'.
यातलं पहिलं कुठे संपतं?

मी वृंदा टिपणीस, क्वालिटीत अठरा वर्षं.
फाइल उघडते.
फाइल जाड, उत्तर पातळ.

पहिल्या पानावर गिऱ्हाइकाची मागणी :
वाफेचा व्हॉल्व्ह, दाब चाळीस बार,
गळती थेंबभरही चालणार नाही.
त्यामागे निमिषाचं ड्रॉइंग, रिव्हिजन शून्य,
रेषा अशा कोऱ्या की
त्यांना अजून धातू भेटलेला नाही.
आणि शेवटी तेच ड्रॉइंग, रिव्हिजन चार.

मधे काय झालं?

मधे जयंतीभाई पंचाल झाले.

जयंतीभाई सागाचे पॅटर्न करतात.
पोलाद थिजताना आक्रसतं
म्हणून त्यांची फुटपट्टी मुद्दाम खोटी,
शेकडा दोन मोठी.
त्या खोट्या पट्टीनं मोजलेलं
भट्टीतून खरं होऊन निघतं.
पहिलं ओतीव कापलं तर कोपऱ्यात पोकळी,
तांदळाच्या दाण्याएवढी.
निमिषा कागदाकडे बघत राहिली.
जयंतीभाईंनी पॅटर्नच्या त्याच कोपऱ्यात
मेणाचा गोळा ठेवला, अंगठा फिरवला,
म्हणाले, इथे पोलाद थकतं. त्याला वळायला जागा द्या.

दुसरं ओतीव भरीव निघालं.
मग निमिषानं तो अंगठा मोजला :
त्रिज्या बारा मिलिमीटर.
तेव्हापासून ड्रॉइंगवर बारा आहे, सहनशीलतेसह,
जणू बारा आधीपासूनच ठरलं होतं.

रेकॉर्ड? साहेब विचारतात.
कोणी ठरवलं, कधी, कशावरून?
अंगठा हीच सही, असं मी म्हणणार होते.
ते तलाठ्याकडे चालतं,
ऑडिटमध्ये नाही.

(माझी पुण्याची नणंद दर दिवाळीत सांगते,
तुमचं बडोद्याचं मराठी ड्रॉइंगप्रमाणे नाही.
तिचे शब्द असे नाहीत, अर्थ हाच.
मी 'लाइट बंध कर' म्हणते, ती 'दिवा मालव'.
चार पिढ्या इथे ओतल्या गेलो, थिजलो, आक्रसलो.
प्रत्येक फरकाची नोंद कोण ठेवणार?)

जेवणाच्या सुट्टीत मी व्याख्या पुन्हा वाचली.
तिथे दोन्ही शब्द एकाच दमात येतात :
मागण्यांचं अधिक बारीक मागण्यांत रूपांतर.
मला वाटायचं, शेवटी वस्तू असेल.
शेवटीही मागणीच आहे,
फक्त बारीक झालेली,
अंगठ्याखालच्या मेणासारखी.

साहेबांनी लहान त्रुटी लिहिली.
वाईट माणूस नाही. तीस दिवस दिले,
सेव-उसळीचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

मी नवीन फॉर्म केला, दोन रकाने :
डिझाइनमध्ये ठरलेलं,
डेव्हलपमेंटमध्ये बदललेलं.
मध्ये जाड रेघ.
घेऊन पॅटर्न शॉपमध्ये गेले.
भुशाचा वास, पंख्याला भुशाची लव,
जयंतीभाई सेवानिवृत्तीला अडीच महिने.

काका, म्हटलं, मेण लावण्याआधी
तुमच्या मनात काय आलं होतं, ते इथे लिहा.
आणि लावल्यावर काय समजलं, ते इथे.

त्यांनी फॉर्म हातभर लांब धरला.
आधी काही नव्हतं, म्हणाले.
लावल्यावर तर झालंच होतं.
लावताना आलं.

लावतानाचा रकाना कुठे आहे?

मी रेघेकडे पाहिलं.
त्यांनी पेन घेतलं, रेघेवरच, उभं, वरून खाली,
गुजरातीत दोन शब्द लिहिले आणि तारीख टाकली.
कागदावर मेणाचा डाग पडला.

फॉर्म तसाच फाइलला लावलाय.
पुढचं ऑडिट फेब्रुवारीत.